मूल होत नाही, तेव्हा मनाचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्यांशी समुपदेशक म्हणून बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंजेक्शनं, सोनोग्राफी, रिपोर्ट याबद्दल डॉक्टर सांगतातच. तो रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर मनाचं काय होतं, हे मात्र विचारायचं राहून जातं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, जो आपला वाटेल तिथून सुरुवात करा.

फाइलवर 'वंध्यत्व' लिहिलंय. तो शब्दच सहन होत नाही. आम्ही खरंच त्यात मोडतो का?

डॉक्टरांच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ अगदी मर्यादित आहे. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करायला सांगतात. म्हणजे तुमच्या फाइलवरचा शब्द एवढंच सांगतो की इतका काळ गेला आणि आता तपासायला हवं. पुढे काय होणार, हे त्यात लिहिलेलं नसतं.

तरी तो टोचतो, आणि टोचण्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. 'वांझ', 'वांझोटी' हे शब्द पिढ्यान् पिढ्या शिवीसारखे वापरले गेले, आणि तेही फक्त बाईला. त्यामुळे कागदावरचा वैद्यकीय शब्द वाचतानाही तीच शिवी ऐकू येते. तुम्हाला तो नको असेल तर वापरू नका. 'आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय, त्रास होतोय' एवढं पुरतं. माझ्या खोलीत तरी आम्ही तेच शब्द वापरतो.

आणि तुम्ही एकटे नाही आहात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या साधारण १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. श्रीमंत देशांत आणि गरीब देशांत हे प्रमाण जवळजवळ सारखंच आहे.

कुणी गेलेलं नाही, काही गमावलेलं नाही. मग एवढं रडू का येतं?

गमावलेलं आहे. फक्त ते बाकीच्यांना दिसत नाही.

एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते, हे त्यांना पाठ झालं होतं. दर महिन्याला, पाळी संपायच्या आतच, त्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुढची तारीख टाकत. नाव काही लिहीत नसत, नुसतं एक टिंब. महिना फुकट गेला तरी टिंब पुसत नसत. मला दाखवलं तेव्हा त्या कॅलेंडरमध्ये एकेचाळीस टिंबं होती. त्यातल्या काही तारखा उलटून गेल्या होत्या आणि त्या प्रत्येक दिवशी त्या कुणालाही न सांगता एकट्याच सुतकात असल्यासारख्या वावरत होत्या.

याला शास्त्रात नाव आहे. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने 'संदिग्ध हानी' अशी कल्पना मांडली. काहीतरी गेलंय, पण ते पुरतं गेलंय की अजून येणार आहे हेच कळत नाही, अशी ही अवस्था. माणूस गेला की शोक करता येतो आणि हळूहळू सावरता येतं. इथे दर महिन्याला आशा नव्याने उभी राहते आणि शोक अर्धाच राहतो. १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी आणखी एका दुःखाचं वर्णन केलं, समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही असं. पाळी येते त्या दिवशी कुणी भेटायला येत नाही, रजा मिळत नाही, 'सांभाळ स्वतःला' असं कुणी म्हणत नाही. तुमचं रडणं हे दोन्ही एकाच वेळी वाट्याला आल्याचं रडणं आहे.

सगळे म्हणतात, 'टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल.' माझ्या टेन्शनमुळेच होत नाहीये का?

नाही. हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीला त्यातून एकच कळतं, की चूक माझीच आहे.

२०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा अभ्यास एकत्र करून, साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली. उपचारांपूर्वी असलेली चिंता किंवा खिन्नता आणि त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचारांच्या त्या फेरीत, दिवस राहणं किंवा न राहणं, यांचा संबंध आढळला नाही. ज्या खूप घाबरलेल्या होत्या त्यांनाही दिवस राहिले, ज्या शांत होत्या त्यांच्यातल्या अनेकींना राहिले नाहीत. बंद असलेली गर्भनलिका हसतखेळत राहिल्याने उघडत नाही आणि रडल्याने भ्रूण रुजायचं थांबत नाही.

ताणाचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणत नाही. फार मोठ्या ताणात पाळी मागेपुढे होते, झोप उडते, सिगारेट-दारू वाढते, नवराबायको जवळ येईनासे होतात आणि कधी उपचारच अर्धवट सुटतात. याकडे लक्ष द्यायला हवंच. पण 'तू आनंदी राहिली नाहीस म्हणून' हा आरोप खोटा आहे. तो स्वतःवरही करू नका.

मन शांत केल्याने मूल होणार नसेल, तर समुपदेशन कशाला?

तुमच्यासाठी. मला या पानावर खरं तर एवढंच सांगायचं आहे. मन सांभाळणं ही मूल होण्याची युक्ती नाही. मूल झालं किंवा नाही झालं तरी ही वर्षं तुमच्या आयुष्याचीच आहेत, आणि ती दात-ओठ आवळून काढायची शिक्षा तुम्हाला कुणी दिलेली नाही.

विचारांच्या साच्यांवर काम करणारी वर्तनोपचार पद्धत, सजगतेचे सराव, समदुःखी लोकांचे गट यांनी चिंता आणि खिन्नता कमी व्हायला मदत होते. उपचार मध्येच सोडून देण्यामागे मनाचा थकवा हे एक मोठं कारण असतं, अगदी खर्चाचा प्रश्न नसतानाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यापासून काही ठरावीक उपचारांआधी समुपदेशनाची संधी देणं बंधनकारक आहे. तिथल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हा आधार उपचारांच्या आधी, दरम्यान आणि नंतरही मिळावा, निकाल काहीही लागो, आणि शक्यतो तुमच्या उपचारांत थेट सहभागी नसलेल्या व्यक्तीकडून. तुमच्या दवाखान्यात हे कुणी सांगितलं नसेल तर आपणहून विचारा.

हे दुःख आहे की नैराश्य? डॉक्टरांकडे कधी जावं?

पाळी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलावंसं न वाटणं, रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर आठवडाभर रडू येणं, हे दुःख आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, कामावर चित्त लागत नसेल, 'मी कुणाच्या उपयोगाची नाही' असं सतत वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात वंध्यत्वाला सामोरं जाणाऱ्या स्त्रियांमधली चिंता आणि खिन्नता कर्करोगाच्या रुग्णांइतकी आढळली होती. 'एवढ्याशा गोष्टीसाठी' असं स्वतःला म्हणू नका.

जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका, आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा किंवा तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून मी माझी राहिलेलीच नाही. एवढी चिडचिड औषधांची की माझी?

दोन्ही मिसळलेलं असतं. स्त्रीबीज वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफिनने अंगातून गरम वाफा येणं, मनाचे चढउतार होणं हे अनेकींना जाणवतं. संप्रेरकं (हार्मोन्स) दाबून ठेवणाऱ्या इंजेक्शनांनीही तसंच होतं. कोणत्या तारखेला कोणतं औषध सुरू झालं आणि मन कधी बिघडलं, याची दोन ओळींची नोंद रोज ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध किंवा मात्रा बदलता येते का हे त्यावरून ठरतं.

आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर 'आता दिवस राहायला हवेत' म्हणून परस्पर बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असू द्या.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

या दिवसांबद्दल जेवढे फोन येतात तेवढे कशाबद्दलच येत नाहीत. आधीचे दिवस तरी धावपळीत जातात. कुणीतरी तपासत असतं, काहीतरी मोजत असतं. मग एकदम कुणी बोलावत नाही, काही करायचं नसतं आणि लक्ष सगळं पोटाकडे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. स्तन दुखणं, पोट फुगणं, थकवा, ही लक्षणं तुम्ही घेत असलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकानेही येतात. ती आली म्हणून दिवस राहिले असं नाही, आणि अचानक थांबली म्हणून सगळं संपलं असंही नाही. स्त्रीबीज सुटण्यासाठी एचसीजीचं (लघवीची चाचणी शोधते त्याच संप्रेरकाचं) इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचा अंश काही दिवस शरीरात राहतो, त्यामुळे घाईने घरी केलेली लघवीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकते. दोन गुलाबी रेघा पाहून नाचलेल्या आणि चार दिवसांनी कोसळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सांगितलेल्या तारखेलाच रक्त द्या.

दुसरी गोष्ट, रिपोर्ट कुठे आणि कुणासोबत उघडायचा हे आधीच ठरवा. एकीने तो ऑफिसच्या जिन्यात उभ्याने उघडला. वरून-खालून माणसं जात होती, तिने भिंतीकडे तोंड केलं, डोळे पुसले आणि पाच मिनिटांनी मीटिंगला जाऊन बसली. अजून तो जिना चढताना तिच्या छातीत धडधडतं. शक्य असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या, रिपोर्ट जोडीदाराच्या फोनवर येऊ द्या, आणि निगेटिव्ह आला तर त्या संध्याकाळी काय करायचं, कुणाला कळवायचं, हे आधी बोलून ठेवा. अशी तयारी करणं म्हणजे अशुभ चिंतणं नव्हे.

काळजी दिवसभर पाठ सोडत नसेल तर तिला एक वेळ नेमून द्या. संध्याकाळी सहा ते साडेसहा काळजी करायची, लिहायची, रडायचं. दुपारी विचार आला की 'सहाला बघू'. पहिल्या दिवशी जमत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी थोडं जमायला लागतं.

माझ्या नवऱ्याला काहीच वाटत नाही का?

वाटतं. बहुतेक वेळा तो तुमच्यासमोर कोसळायचं नाही असं ठरवून बसलेला असतो, आणि तुम्हाला ते कोरडेपण वाटतं. मग तुम्ही जास्त बोलता, तो जास्त गप्प होतो.

याला एक साधा तोडगा आहे. रोज वीस मिनिटं फक्त याच विषयावर बोलायचं. घड्याळ लावा. त्या वीस मिनिटांत त्याने उपाय सुचवायचे नाहीत, नुसतं ऐकायचं. वीस मिनिटं संपली की विषय बंद, बाकीची संध्याकाळ दोघांची. तिला खात्री राहते की आपलं ऐकलं जाणार आहे, आणि त्याला खात्री राहते की याला शेवट आहे.

दोष माझ्यात आहे. बायकोकडे बघायची हिंमत होत नाही.

हा प्रश्न पुरुष नेहमी भेट संपताना, दाराशी उभे राहून विचारतात. म्हणून उत्तर सविस्तर देतो आम्ही, परत बसवून.

ज्या जोडप्यांना त्रास होतो त्यांतल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण पूर्ण किंवा काही अंशी असतं. शुक्राणूंची संख्या आणि पुरुषत्व यांचा काडीचाही संबंध नाही, जसा चष्म्याच्या नंबराचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेला मोठा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. म्हणूनच एका रिपोर्टवर निकाल देत नाहीत, चाचणी पुन्हा करायला सांगतात. शुक्राणू अगदी कमी असले तरी एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याचं तंत्र १९९२ पासून उपलब्ध आहे.

पण मला काळजी वाटते ती गप्प बसण्याची. घरात मूल न होण्याचं खापर बायकोवर फुटत असतं, कारण पुरुषाकडे असतं, आणि तो शरमेने बोलत नाही. ती त्याच्यासाठी टोमणे झेलत राहते. असं करू नका. रिपोर्ट जगाला दाखवायची गरज नाही, पण 'कारण दोघांचं आहे, तिला काही बोलू नका' हे वाक्य तुमच्या तोंडून घरच्यांनी ऐकायला हवं.

संबंध म्हणजे आता ड्युटी झाली आहे.

तारखा बघून जवळ आलं की असं होतंच. नेमक्या दिवशी पुरुषाला जमत नाही, तेही सर्रास होतं आणि तो आजार नसतो. महिन्यातले काही दिवस असे ठेवा की त्यांचा मुलाशी संबंधच नाही. आणि महिना-दोन महिने तारखाच न बघता काढावेत का, हे डॉक्टरांशी बोला. वयाची घाई नसेल तर बहुधा हरकत नसते.

'गोड बातमी कधी?' याला काय उत्तर देऊ?

प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचं नाही. लांबच्या माणसाला: 'असेल तेव्हा कळवू.' आणि लगेच त्यांच्याबद्दल काहीतरी विचारा. रोज विचारणाऱ्याला: 'या प्रश्नाने मला त्रास होतो, पुन्हा विचारू नका.' हे उद्धटपणाचं नाही, आवाज शांत ठेवून म्हणता येतं. ज्यांच्यावर विश्वास आहे त्या दोन-तीन माणसांना सगळं सांगा आणि हेही सांगा की 'रिपोर्टच्या दिवशी फोन करू नका, आम्हीच करू.'

सासरच्यांना मुलाने आणि माहेरच्यांना मुलीने सांगावं. आपल्या माणसाचं बोलणं घरचे ऐकून घेतात.

मैत्रिणीला दिवस गेलेत आणि मला आनंदच होत नाही. मी वाईट आहे का?

नाही. तिचं मूल तुम्हाला नकोसं नाही, तुम्हाला तुमचं हवं आहे. दोन्ही भावना एकाच पोटात मावतात. तिच्या कार्यक्रमाला गेलात नाही तरी चालेल, 'तुझ्यासाठी खूप छान वाटतंय, मला मात्र सध्या यायला जमणार नाही' असा निरोप पुरे.

आणि ज्यांना दिवस गेलेत त्यांच्यासाठी: अशा मैत्रिणीला ही बातमी सगळ्यांच्या गराड्यात देऊ नका. आधी मेसेज करा. तिला एकटीने वाचू द्या, हवं तर रडू द्या, मग ती आपणहून फोन करेल.

आम्हाला एक मूल आहे, दुसरं होत नाही. दुःख करायचा हक्क आहे का?

आहे. दुसऱ्या वेळचं वंध्यत्वही वंध्यत्वच असतं. 'एक आहे ना' असं म्हणणाऱ्याने त्या मुलाला 'मला भाऊ-बहीण कधी?' असं विचारताना ऐकलेलं नसतं.

दिवस राहिले होते, सातव्या आठवड्यात गेले. मी काय चुकीचं केलं?

काही नाही. दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही साधारण १० ते २० टक्के गर्भ टिकत नाहीत, आणि पहिल्या तीन महिन्यांत असं झालं तर निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं. तुम्ही उचललेली बादली, चढलेला जिना, झालेलं भांडण यांमुळे ते झालेलं नाही.

उपचारांनंतर राहिलेले दिवस गेले की लोक लगेच म्हणतात, 'निदान राहतात हे तरी कळलं.' तुम्हाला तसं वाटायची सक्ती नाही. पुढच्या सायकलची तारीख घेण्याआधी शोकाला वेळ द्या. सोनोग्राफीचा फोटो ठेवायचा की नाही, नाव ठेवायचं की नाही, हे तुम्ही दोघं ठरवा.

आता दिवस राहिले आहेत, तरी भीती जात नाही.

खूप जणींना असं होतं. इतकी वर्षं वाईट बातमीची सवय झालेलं मन एका रिपोर्टने बदलत नाही. दिवस राहिले म्हणून समुपदेशन थांबवू नका. बाळंतपणानंतरही मन खचू शकतं, आणि 'एवढ्या नवसाने झालं, आता कुरकूर कसली' या विचाराने बायका ते लपवतात. लपवू नका.

किती सायकली करायच्या? थांबायचं कधी?

हे डॉक्टर पूर्णपणे सांगू शकत नाहीत आणि मीही सांगणार नाही. पण सुरुवातीलाच एक रेघ आखून ठेवा: किती प्रयत्न, किती पैसा, किती वर्षं. ती ओलांडायची नाही असं नाही, पण तिथे आल्यावर दोघांनी थांबून बोलायचं. निगेटिव्ह रिपोर्टच्या आठवड्यात मात्र कोणताच निर्णय नको, 'लगेच पुढची सायकल' हाही नको आणि 'बस्स झालं' हाही नको.

थांबणं म्हणजे हरणं असं तुम्हाला वाटेल, कारण आजूबाजूला फक्त यश मिळालेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. माझ्याकडे थांबलेली जोडपीही येतात. थांबल्यावरचे काही महिने फार जड जातात, मग एक दिवस त्यांच्या लक्षात येतं की आपण पाळीची तारीख विसरलो.

दात्याचं बीज, दत्तक किंवा मुलाशिवायचं आयुष्य, हे तीन वेगवेगळे रस्ते आहेत. 'नाही झालं तर दत्तक घ्या' असं लोक सहज सुचवतात. दत्तक हा वंध्यत्वावरचा उपाय नव्हे. ते एका वेगळ्या मुलाचं येणं आहे आणि आपल्याला न झालेल्या मुलाची जागा भरायचं काम त्याच्यावर टाकणं बरं नव्हे. आधी त्या न झालेल्या मुलासाठी रडून घ्या. आणि दोघांपैकी एकाचं मन तयार नसेल तर थांबा.

पहिल्या भेटीत काय होतं? जोडीदार यायला तयार नाही.

एकट्या या. पहिल्या भेटीत साधारण पाऊण तास ते तासभर तुम्ही बोलता, समुपदेशक ऐकतात. किती काळ झाला, कोणते उपचार झाले, झोप कशी आहे, घरात कुणाला माहीत आहे, सगळ्यात अवघड वेळ कोणती, असं विचारतात. कुणी सल्ल्यांचा मारा करत असेल, 'सकारात्मक राहा' एवढंच म्हणत असेल किंवा दिवस राहण्याची हमी देत असेल, तर दुसरा समुपदेशक शोधा. त्यांचं मानसशास्त्रातलं शिक्षण विचारा आणि वंध्यत्वाच्या क्षेत्रात काम केलंय का तेही विचारा. तुम्ही सांगितलेलं तुमच्या डॉक्टरांपर्यंत जाणार का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या.

बोलायला गेलं की नुसतं रडू येतं. प्रश्न कागदावर लिहून आणले तर चालेल?

चालेल. कागद माझ्या हातात दिलात तरी चालेल, मी वाचेन.